आरोग्य केंद्रातल्या स्टाफला घरगुती हिंसा ओळखायला कसं शिकवावं?

तासगाव तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालाय, स्टाफसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवायचंय, त्यात काय घ्यावं असं तुम्ही विचारलंय. सांगली जिल्ह्यात मी सिस्टर आणि आशाताईंची अशी प्रशिक्षणं घेते. पहिलं सांगणं हे की कायद्याच्या स्लाइड्स कमी करा. 2005 च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याची कलमं जेवणाच्या सुट्टीपर्यंतही कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

लक्षणं पटकन सांगून होतात. पाय घसरून पडले म्हणते आणि वळ दंडाच्या आतल्या बाजूला. लागलं परवा, आली आज. अंगदुखीसाठी सारखा केसपेपर. प्रश्न तिला, उत्तर नवऱ्याचं. आपल्याकडे ऊस-द्राक्षांमुळे फवारणीचं औषध घरातच पडलेलं असतं, तेव्हा ‘चुकून प्यायले’ एवढं लिहून मोकळं होऊ नये. गळा दाबल्याची खूण मात्र मुद्दाम शिकवा. वरून काही दिसेलच असं नाही. आवाज बसलेला, गिळताना दुखतंय, डोळ्यांत लाल ठिपके, असं असेल तर जिवाला धोका समजायचा.

जुन्या सिस्टरना यातलं बरंचसं माहीत असतं. अडतं ते विचारण्यापाशी, कारण बाई एकटी सापडतच नाही. सासू स्टुलावर, नवरा दारात. म्हणून अर्धा दिवस नुसत्या सरावाला द्या: एक सिस्टर, एक पेशंट, एक सासू. (सासू आशाताईंना करू द्या, हटत नाहीत.) ‘लघवी तपासायचीय, ताई तुम्ही आत या, बाकीचे बाहेर थांबा’ हे वाक्य तोंडात बसलं पाहिजे. आत गेल्यावर, ‘असं लागलेलं दिसलं की मी सगळ्यांनाच विचारते, घरात कुणी हात उचलतं का?’ नाही म्हणाली तर विषय सोडायचा. उकरून काढायचं नाही. विचारणारं कुणीतरी इथं आहे हे तिला कळलं, आजच्यापुरतं पुष्कळ झालं.

ती बोलली तर काय म्हणायचं नाही, तेही घोकून घ्या. ‘पोरांकडं बघून सांभाळून घे.’ ‘तू काय बोललीस त्याला?’ आणि सगळ्यात घातक, ‘थांब, त्यालाच आत बोलावून समज देतो.’ हे डॉक्टरमंडळी फार हौसेने करतात. तिला संध्याकाळी त्याच्याच गाडीवर बसून घरी जायचं असतं. त्यापेक्षा आज घरी जायला भीती वाटते का, मारणं अलीकडे वाढलंय का, जिवे मारायची धमकी दिलीय का, हे विचारा.

दवाखान्याच्या नोंदीत तिचेच शब्द हवेत: ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार पतीने काठीने मारले’, शिवाय जखमेची जागा आणि माप. नुसतं ‘घरगुती भांडण’ लिहिलं तर पुढे कोर्टात त्याचा उपयोग नाही. पण तिच्या हातात जाणाऱ्या कागदावर किंवा माता-बाल संरक्षण कार्डावर यातलं काही नको, ते घरात सगळे चाळतात. 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबरही चिठ्ठीवर देण्यापेक्षा पाठ करून घ्यावा.

कायद्यातलं एवढंच ठेवा. घरगुती घटना अहवाल, म्हणजे हिंसेची कायद्यानुसार केलेली नोंद, नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. अहवाल झाला नसेल तर या कायद्याच्या 2006 च्या नियमांप्रमाणे त्याचा फॉर्म, नमुना 1, भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे (अशा बायकांच्या मदतीसाठी या कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) पाठवायचं काम दवाखान्याचंच. कायद्याचं कलम 4 मोठ्यांदा वाचून दाखवा: चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही. स्टाफची निम्मी भीती तिथंच जाते. लैंगिक अत्याचार झालेली मुलगी 18 च्या आतली असेल, मग लग्न झालेलं का असेना, पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवावंच लागतं.

एक जपा. ‘कुणाच्या घरी असं होतं, हात वर करा’ असले खेळ घेऊ नका. समोर बसलेल्यांतही मार खाणाऱ्या असतात, आणि शेजारी त्यांच्याच गावच्या बायका.

तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांना भाषणाला बोलावण्यापेक्षा जेवायला बोलवा. स्टाफची ओळख होऊ दे, नंबर घेऊ दे. ओळखीच्या माणसाला सिस्टर रात्री नऊलाही फोन लावतात, नुसत्या कार्यालयाला लावत नाहीत.