चोवीस खुर्च्या

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र शनिवारी मिळालं. हाताने लिहिलेलं, मराठीत, आणि ‘ळ’ सगळीकडे सुलट. रविवारच्या मराठी शाळेत तू तो उलटा काढायचीस आणि मी तुझा हात धरून गिरवून घ्यायचे, ते आठवलं आणि डोळे भरून आले. आता ऑगस्टपासून तू स्वतः पहिलीच्या मुलांपुढे उभी राहणार, तेही स्पॅनिश-इंग्रजी इमर्शनच्या वर्गात, म्हणजे जिथे अर्धे विषय स्पॅनिशमधून आणि अर्धे इंग्रजीतून शिकवतात तिथे, इंग्रजीची बाजू सांभाळायला. याच कामात माझी सव्वीस वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुझ्या शाळेत इमर्शनची आणखी एक तुकडी काढायची म्हणतात, त्यासाठी साधी इंग्रजी तुकडी बंद होईल, पालकांत दोन तट पडलेत, आणि मंगळवारी स्कूल बोर्डाच्या बैठकीत तुला बोलायचं आहे. ‘बाई, हे वर्ग खरंच चांगले आहेत का? आणि मी कुणाच्या बाजूने बोलू?’ असं तू विचारलं आहेस.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. हो, चांगले आहेत. ऑरेगनमधल्या पोर्टलंडच्या सरकारी शाळांत इमर्शनच्या जागा थोड्या आणि अर्ज जास्त, म्हणून लॉटरी काढत. रँड या अमेरिकन संशोधन संस्थेच्या आणि इतर संशोधकांनी लॉटरीत नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं ताडून पाहिली. दोन्हीकडचे पालक सारखेच उत्सुक, त्यामुळे ‘ही मुलं मुळातच शिकलेल्या घरांतली’ हा आक्षेप उरत नाही. नंबर लागलेली मुलं पाचवीत इंग्रजी वाचनात सुमारे ७ महिन्यांनी पुढे होती, आठवीत ९ महिन्यांनी. इंग्रजी वाचनात, बरं का. गणित-विज्ञानात फायदा दिसला नाही, पण तोटाही नाही. हे आकडे पाठ करून ठेव, कारण ‘आमच्या मुलांचं इंग्रजी कच्चं राहील’ ही भीती प्रत्येक पालकसभेत पहिल्या पाच मिनिटांत बाहेर येते.

ती भीती झटकून मात्र टाकू नकोस. काही शाळांत बालवर्गात नव्वद टक्के वेळ स्पॅनिश असते आणि इंग्रजी दरवर्षी थोडी थोडी वाढते. राज्याची परीक्षा तिसरीत, इंग्रजीत. तोवर मुलांना इंग्रजी वाचनाला वेळच कमी मिळालेला असतो, मग गुण घसरतात आणि त्या उन्हाळ्यात घाबरलेले पालक मुलं काढून नेतात. रिकामी झालेली जागा भरताही येत नाही, कारण चौथीत नव्याने आलेल्या मुलाला स्पॅनिश कुठून येणार? चोवीस मुलांचा बालवर्ग पाचवीत चौदा-पंधरांवर आलेला मी पाहिला आहे. म्हणून तिसरीची गोष्ट बालवर्गातच सांगून ठेवायची. खेळताना बोलायची भाषा दोन वर्षांत येते आणि पालकांना वाटतं, आली भाषा. अभ्यासाची भाषा बसायला पाच ते सात वर्षं लागतात. ‘लवकर फाडफाड बोलेल’ असा शब्द कुणालाही देऊ नकोस.

आता दुसरा प्रश्न. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९६३ साली मायामीच्या कोरल वे शाळेत हा प्रयोग सुरू झाला. क्यूबातल्या क्रांतीनंतर निघून आलेली कुटुंबं आज ना उद्या परत जाऊ या आशेवर होती, मुलांची स्पॅनिश टिकायला हवी होती. सकाळी आपापल्या भाषेत धडे, दुपारी दुसऱ्या भाषेत. दोनच वर्षांनी, १९६५ मध्ये, कॅनडात मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी आपल्या मुलांसाठी फ्रेंच वर्ग मागून घेतला. एकीकडे घरची भाषा राखायची होती, दुसरीकडे नवी भाषा मिळवायची होती. आजचा तुझा वर्ग या दोन्ही ओढ्यांच्या पाण्यावर चालतो. माझ्या मते सगळी भांडणं इथूनच उगवतात, कारण दोन्ही प्रकारचे पालक एकाच वर्गाला ‘आमचा’ म्हणतात आणि दोघांचं कारण वेगळं असतं.

कॅलिफोर्नियात १९९८ साली प्रस्ताव २२७ लोकमताने मंजूर झाला. तेव्हा माझं नोकरीतलं दुसरं वर्ष होतं. शिकवायचं ते इंग्रजीतूनच, दुसऱ्या भाषेतून हवं असेल तर पालकांनी स्वतः शाळेत येऊन अर्ज करायचा, तोही दरवर्षी. त्यात एक कलम होतं ते मी अजून विसरले नाही. ज्या मुलाला इंग्रजी चांगली येते त्याला परवानगी मिळायला वाट मोकळी होती. ज्याला येत नाही आणि वय दहाच्या आत आहे, त्याने आधी तीस दिवस इंग्रजी वर्गात बसायचं, मग त्याच्या अर्जाचा विचार. म्हणजे ज्याच्या घरची भाषा स्पॅनिश, त्यानेच महिनाभर दाराबाहेर थांबायचं. सहा वर्षांची लेकरं माझ्या इंग्रजी वर्गात गप्प बसून दिवस काढायची आणि भिंतीपलीकडून त्यांच्या भाषेतली गाणी ऐकू यायची.

२०१६ मध्ये प्रस्ताव ५८ सुमारे ७३ टक्के मतांनी मंजूर झाला आणि ती बंधनं सुटली. पुढे राज्याने २०३० पर्यंत १६०० इमर्शन कार्यक्रमांचं उद्दिष्ट ठरवलं. पण मधल्या अठरा वर्षांत स्पॅनिशमधून शिकवणारे शिक्षक पुरेसे घडलेच नाहीत. म्हणून सांगते, तुझ्या भिंतीपलीकडच्या जोडीदारणीला, म्हणजे त्याच मुलांना स्पॅनिशमधून शिकवणाऱ्या शिक्षिकेला, जप. तुला सगळं साहित्य तयार मिळेल. तिला अर्ध्या गोष्टी रात्री बसून स्वतः कराव्या लागतील.

आता माझ्या घरातलं सांगते, कधी कुणाला फारसं सांगितलं नाही. माझा मुलगा बालवर्गात गेला तेव्हा त्याच्या शिक्षिकेने आम्हाला बोलावून सांगितलं की घरी इंग्रजी बोला, म्हणजे तो मागे पडणार नाही. मी स्वतः शिक्षिका, तरी ऐकलं. वर्षाच्या आत तो मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायला लागला. सांगलीला आजीला दर रविवारी फोन जायचा. ‘आजी, तू कशी आहेस? मी बरा आहे. आईकडे देतो.’ एवढी तीन वाक्यं. माझ्या सासूबाई गेल्या तोवर त्यात चौथं वाक्य आलं नाही.

बऱ्याच वर्षांनी आमच्या शाळेच्या पालकसभेत एक मेक्सिकन आजी उठून म्हणाली, स्पॅनिश मी घरी शिकवीन, शाळेने इंग्रजी शिकवावी. सभेतल्या हुशार लोकांनी तिला संशोधन ऐकवलं. सभा संपल्यावर मी तिला गाठलं आणि तो फोन सांगितला. घरात भात-वरण, आंघोळ, ‘झोप आता’ एवढी मराठी राहिली, पण अपूर्णांक, पृथ्वीचं फिरणं, कुणाचा हेवा वाटला तर ते कसं सांगायचं, हे माझ्या मुलाला मराठीत कधी कळलंच नाही, कारण ते सगळं शाळेत शिकायचं असतं. ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात नातवाचं नाव घालायला आली, तेव्हा जागा संपल्या होत्या.

कशा संपल्या ते ऐक. अर्ज ऑनलाइन, फक्त इंग्रजीत, सकाळी आठला उघडणार, आधी येईल त्याला जागा. बारा मिनिटांत यादी भरली. त्या वेळी शाळेच्या आसपासच्या घरांतले निम्मे आईबाप स्ट्रॉबेरीच्या शेतात नाहीतर पॅकिंग शेडमध्ये पहाटेच्या पाळीला होते. बालवर्गात चोवीस खुर्च्या, त्यांतल्या पाच घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना मिळाल्या, आणि शाळेभोवतीच्या रस्त्यांवर अर्ध्याहून जास्त घरांत स्पॅनिश!

उरलेल्या एकोणीस घरांत आपली माणसंही होती. मँडरिन (चिनी) किंवा स्पॅनिशच्या जागेसाठी जागरण करणारी आणि घरात पोराशी इंग्रजीच बोलणारी मराठी घरं मी खूप पाहिली. त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण त्या जागेवर आपल्या मुलाचा जेवढा हक्क, त्याहून त्या आजीच्या नातवाचा जास्त, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे आणि अजूनही सांगते.

हे नुसतं न्याय-अन्यायाचं नाही, वर्गाचंही आहे. चोवीसात पाच असले की स्पॅनिशच्या तासाला स्पॅनिश पातळ होते. शिक्षिका एकोणीस जणांना समजावं म्हणून सावकाश, सोपं बोलते, आणि त्या पाच जणांना त्यांच्याच भाषेत वरचं काही मिळत नाही. उलट ते दिवसभर इतरांचे दुभाषे होतात. स्टॅनफर्डच्या ग्वादालूपे वाल्देस यांनी १९९७ मध्येच हा धोका लिहून ठेवला होता: या मुलांची भाषा दुसऱ्यांसाठी साधन होईल आणि त्यांच्या स्वतःच्या शिक्षणाचं काय, हे विचारायचं राहून जाईल. मी तो लेख उशिरा वाचला. वाचला तेव्हा ती पाच मुलं डोळ्यांपुढे आली.

तीन वर्षं भांडून आम्ही नियम बदलून घेतला. निम्म्या जागा घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना, अर्ज दोन्ही भाषांत, तीन आठवडे खुला, मग लॉटरी. पुढचा वर्ग बारा-बारा आला.

त्या वर्षी पहिलीत घेवड्याच्या बियांचा पाठ होता. माझ्या वर्गात चार महिने तोंड न उघडलेला एक मुलगा होता. पलीकडे स्पॅनिशच्या तासाला त्याने सगळ्यांना सांगितलं होतं की त्याची आजी घेवडा कसा भिजत घालते, पाणी कधी बदलते, कुठला दाणा फेकून देते. आपण मटकी भिजवतो, मोड आणतो, तसंच सगळं. त्याच्या शेजारच्या इंग्रजी घरातल्या मुलीने ‘रेमोहार’ म्हणजे काय ते त्याला विचारून घेतलं, आणि जेवणाच्या सुट्टीत त्याला त्याच्या बदल्यात एक शब्द दिला. दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारलं, बी किती वेळ भिजवायचं? ती मुलगी काही बोलली नाही, नुसतं त्याच्याकडे बघत राहिली. तो म्हणाला, ‘ओव्हरनाइट.’ माझ्या वर्गातला त्याचा तो पहिला शब्द. तिने ‘रेमोहार’ पुढे वर्षभर वापरला, कपडे भिजवायलासुद्धा.

असा शेजार हवा असेल तर दोन्ही खुर्च्या भरलेल्या हव्यात. म्हणून मंगळवारी नव्या तुकडीच्या बाजूने बोल, पण अट घालून बोल. निम्म्या जागा राखीव आणि अर्ज स्पॅनिशमध्येही, हे ठरावात लिहून येत असेल तर हो म्हण. ‘नंतर बघू’ म्हणाले तर नाही म्हण, आणि तसं सांगायला घाबरू नकोस. नंतर कुणी बघत नाही, हे मी सव्वीस वर्षांत शिकले.

जो बाप म्हणतो की साधा वर्ग बंद झाला तर माझ्या मुलीला तीन मैलांवरच्या शाळेत गाडीने सोडावं लागेल, त्याला विरोधक समजू नकोस. घराजवळची शाळा हा त्याचाही हक्क आहे. एक साधी तुकडी राखता येते का, हे बोर्डाला तूच विचार. माझ्याकडे त्याचं पक्कं उत्तर नाही. लहान शाळेत दोन्ही तुकड्या चालवणं फार अवघड जातं.

तुझी नोकरी अजून कायम झालेली नाही, तेव्हा बोलताना ‘शाळेच्या वतीने’ हा शब्द तोंडून जाऊ देऊ नकोस. स्वतःच्या नावाने बोल. तीन मिनिटं मिळतात, आकड्यांना एक मिनिट पुरे.

आणि जमलं तर एक मागणी आणखी घाल. आम्ही एका वर्षी पालकसभा स्पॅनिशमध्ये घेतली आणि दुभाष्याचे हेडफोन इंग्रजी पालकांच्या कानाला लावले. एरवी मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्या आया त्या दिवशी पुढे येऊन बसल्या. त्यांतल्या एकीने उठून विचारलं की शाळेच्या भोंग्यावरच्या सूचना फक्त इंग्रजीत का असतात? आम्हा कुणालाच ते सुचलं नव्हतं. पुढच्या सोमवारपासून सूचना दोन्ही भाषांत सुरू झाल्या.

अर्जाचा स्पॅनिश मसुदा तुझ्या जोडीदारणीकडून तपासून घे आणि त्याच्या दहा प्रती आण. मी येणार आहे. साडेसहाला फाटकापाशी थांबते, आत जाण्याआधी तुझी तीन मिनिटं एकदा मला म्हणून दाखव.

तुझी
बाई