घरच्या कोरोना चाचणीबद्दल वाचकांचे प्रश्न

मुलगा न्यू जर्सीत असतो. तिकडे सरकारने टेस्ट किट घरपोच फुकट दिली. ती कशी मिळायची? आपल्याकडे असं होतं का? (इंदिरानगर)

अमेरिकेत जानेवारी 2022 पासून सरकारी वेबसाइटवर नाव-पत्ता भरला की टपालाने चार चाचण्या येत. क्रेडिट कार्डचा नंबर लागत नसे. पण चारचा हिशोब घरामागे होता, माणसांमागे नाही. सहा जणांच्या घराला एकदाही पुरायच्या नाहीत. मे 2022 च्या फेरीत आठ दिल्या. आपल्याकडे आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 19 मे 2021 रोजी घरच्या चाचणीला परवानगी दिली, मात्र ही किट औषधाच्या दुकानातून विकत घ्यायची होती. सरकारी केंद्रांवर नमुना मोफत तपासला जाई.

माझ्या मुलाने अमेरिकेहून येताना दोन किट आणली. तारीख उलटलीय. टाकून द्यावीत? (सातपूर)

लगेच नको. तिथल्या एफडीएने (औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) अनेक किटांची मुदत नंतर वाढवली. खोक्यावरचा लॉट नंबर (उत्पादनाच्या तुकडीचा क्रमांक) त्यांच्या यादीशी ताडून पाहा. यादीत नसेल तर वापरू नका. बहुतेक किट 2 ते 30 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असतात. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये बंद खोली किंवा उन्हातली गाडी ही मर्यादा सहज ओलांडते. पट्टीचं पाकीट चाचणीच्या वेळीच फोडा. पावसाळ्यात दमट हवेने पट्टी बिघडते.

ताप, घसादुखी आहे. चाचणी निगेटिव्ह आली. कामावर जाऊ? (सिडको)

जाऊ नका. आमचा सगळ्यात जास्त आग्रह याच मुद्द्यावर आहे. घरच्या किटची चाचणी अँटिजेन प्रकारची, म्हणजे विषाणूचे अंश शोधणारी असते. तिला विषाणू भरपूर लागतो आणि पहिल्या दिवशी तो नाकात तेवढा नसतो. म्हणून 48 तासांनी पुन्हा करा. लक्षणं नसतील तर 48-48 तासांच्या अंतराने एकूण तीन. लक्षणं असून निगेटिव्ह आलं तर आरटीपीसीआर (प्रयोगशाळेतली जास्त अचूक चाचणी) करावी, असं आयसीएमआरनेही सांगितलं होतं. दम लागत असेल तर दुसऱ्या चाचणीची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

चुका बहुधा नमुना घेताना होतात. आधी नाक शिंकरा. कांडी किती आत घालायची ते पत्रकात असतं. दोन्ही नाकपुड्यांत ती आतल्या भिंतीला घासत फिरवा, बहुतेक किटांत पाच वेळा. नुसती टेकवून काढली तर कोरडीच येते. पट्टीवर द्रावणाचे थेंबही सांगितले तेवढेच टाका.

पट्टीवरची टी ची (चाचणीची) रेघ अगदी फिकट आहे. (पंचवटी)

दिलेल्या वेळेत दिसली तर ती पॉझिटिव्हच. वेळ साधारण पंधरा मिनिटं, तरी आपल्या किटचं पत्रक पाहा. उशिरा उमटलेली रेघ धरू नका. सी ची (चाचणी नीट झाल्याचं दाखवणारी) रेघच नसेल तर चाचणी बाद. नवीन किट घ्या.

वापरलेली किट घंटागाडीत टाकायची का? (नाशिकरोड)

किटसोबतच्या पिशवीत किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळी द्या. द्रावणाची कुपी मात्र मुलांच्या हाती लागू देऊ नका. ती डोळ्यांच्या औषधासारखी दिसते आणि तसं समजून डोळ्यांत थेंब घातल्याने लोकांना इजा झाली आहे. डोळ्यांत गेलंच तर भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.