‘माइबी’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा अशी : अरिबम श्याम शर्मा यांच्या ‘इशानौ’ (१९९०) या मणिपुरी चित्रपटावर मराठीत लिहिताना ‘माइबी’साठी (मणिपुरातल्या मैतेई समाजाच्या देवतांची, अंगात संचार होणारी उपासिका) ‘देवदासी’ वापरावा, की ‘पुजारीण’ किंवा ‘भगतीण’ चालेल?

‘देवदासी’ नकोच. देवदासी काय किंवा मुरळी काय, घरच्यांनी, बहुधा नवसापोटी, देवाला वाहिलेली मुलगी. माइबीला कुणी वाहत नाही. लाइ, म्हणजे मैतेई देवता, तिला थेट बोलावते आणि ते बोलावणे लग्नाआधी येईल की पदरात मूल असताना, याचा नेम नाही. ‘इशानौ’तली ताम्फा चांगली नांदती बाई आहे, नवरा आहे, लहान मुलगी आहे. तिला भोवळ येते, ती फुलांशी बोलू लागते, घरच्यांना ते दुखणेच वाटते आणि एका रात्री ती घर सोडून गुरूच्या शोधात निघते. तिला ‘देवदासी’ म्हटले की वाचक तिला देवाला सोडणारा कोण ते शोधू लागतो. चित्रपटाच्या लेखिका एम. के. बिनोदिनी यांच्या कथेत तसा कुणी नाहीच; सगळा पेच तिथेच आहे.

‘पुजारीण’ हा इंग्रजी ‘प्रीस्टेस’चा सरळ अनुवाद. चूक नव्हे, पण तोकडा. लाइ हराओबाच्या उत्सवात माइबी पाण्यातून देवतेला बोलावते, संचार झाला की देवतेची वाणी सांगते, नाचते, गाते. साथीला गजाने वाजवायचा, एका तारेचा पेना. हे सगळे तिला जाणत्या माइबीच्या हाताखाली शिकावे लागते. आपली पुजारीण एवढे करत नाही.

‘भगतीण’ वरवर जवळचा वाटतो, कारण भगताच्याही अंगात येते. पण मराठीत भगतीण ही भगताची बायकोही असू शकते. शिवाय भगत-भगतीण अशी माइबा-माइबी ही जोडी लावता येत नाही. माइबा हा पुजारी आणि वैदूही. पुरुषाला माइबीसारखे बोलावणे आले, तर तो माइबा होत नाही, ‘नुपा माइबी’ होतो (नुपा म्हणजे पुरुष). म्हणजे ‘-बी’ प्रत्यय स्त्रीलिंगी असला तरी शब्द पदाचा आहे.

तेव्हा ‘माइबी’च ठेवावा. पहिल्यांदा येईल तिथे ‘देवतेने निवडलेली उपासिका’ असा खुलासा द्यावा. ‘इशानौ’ या नावाचा अर्थही ‘निवडलेली’ असाच दिला जातो. पुढे सरळ माइबीने, माइबीला, माइबींना चालवावे. ‘माईबी’ लिहू नये, मराठी वाचक ‘माई’ तोडून वाचतो.

‘अंगात येणे’ मात्र टाकून देऊ नये. ताम्फाच्या सुरुवातीच्या प्रसंगांत शेजारपाजारच्या तोंडी तोच शोभेल. ती दीक्षा घेऊन माइबींत राहू लागली की ‘संचार’ वापरावा. अंगात आलेली बाई ओसरल्यावर पुन्हा चुलीशी बसते, माइबीचे तसे नसते.

राहिली गाणी. श्याम शर्मा मुळात संगीतकार. पहिला मणिपुरी कथापट ‘मातमगी मणिपुर’ (१९७२) याचे संगीत त्यांचे आणि ‘इशानौ’चेही. विधीतल्या गाण्यांना मराठी उपशीर्षके द्यायची झाली, तर ओव्या रचत बसू नये. साध्या गद्यात एका वेळी एक ओळ पुरे, नाहीतर वाचण्याच्या नादात पेना ऐकायचा राहतो.