एकविशीच्या आत की बाहेर? वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या नातेवाइकाने वर्षानुवर्षांपूर्वी पिटिशन (आपल्याला तिकडे कायमचं नेण्यासाठीचा अर्ज) भरली, नंबर आता कुठे जवळ येतोय आणि मुलं तर मोठी झाली, अशा अर्थाची बरीच पत्रं या खेपेला सोलापूर आणि परिसरातून आली. आई-वडिलांच्या पिटिशनवर मुलांना सोबत जाता येतं ते एकवीसच्या आतली आणि अविवाहित असतील तरच, म्हणून ही धास्ती. त्यांतली पाच घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या थोरल्या बहिणीने न्यू जर्सीहून २००७ साली आमची पिटिशन भरली. मी, पत्नी आणि दोन मुलं. मुलाचा जन्म ३ मार्च २००१ चा, मुलीचा १४ जून २००३ चा. दोघांनीही एकविशी ओलांडली, आता त्यांची नावं गेली असं दाजी म्हणतात. आमच्याकडे ताईने पाठवलेल्या नोटिशीची झेरॉक्स आहे. तिच्यावर ५ फेब्रुवारी २००७ आणि १९ ऑगस्ट २०११ अशा दोन तारखा दिसतात. (साखर पेठ)

उत्तर : दाजींना सांगा, जन्मतारखेवरून सरळ वय मोजायचं नसतं. ६ ऑगस्ट २००२ पासून अमेरिकेत चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्ट लागू आहे. पिटिशन सरकारी टेबलावर जितके दिवस मंजुरीविना पडून होती, तितके दिवस या कायद्याने मुलाच्या वयातून वजा होतात. ताईची फाइल साडेचार वर्षं धूळ खात पडली म्हणून तेव्हा तुम्ही बोटं मोडली असतील. तीच साडेचार वर्षं आता मुलांच्या कामी येणार आहेत. ज्यांची पिटिशन चार-सहा महिन्यांत मंजूर झाली, त्यांच्या मुलांच्या पदरात फक्त तेवढेच महिने पडतात.

झेरॉक्सवरची पहिली तारीख पिटिशन दाखल झाल्याची, म्हणजेच तुमची प्रायॉरिटी डेट, रांगेतला तुमचा नंबर. दुसरी मंजुरीची. दोन्हींच्या मध्ये १,६५६ दिवस भरतात. वर्षं-महिने धरून मोजू नका, दिवसच मोजा. लीप वर्षाचा एक दिवस चुकला तरी काठावरच्या मुलाचं नुकसान होतं.

आता मुलाच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या तारखेत हे दिवस मिळवा. ३ मार्च २०२२ अधिक १,६५६ दिवस म्हणजे १४ सप्टेंबर २०२६. मुलीचं याच रीतीने २६ डिसेंबर २०२८ येतं. या झाल्या दोघांच्या शेवटच्या तारखा. त्याआधी व्हिसाचा नंबर लागला तर कायद्याच्या हिशेबात ते एकवीसच्या आत.

नंबर 'लागला' कधी म्हणायचा, इथे बहुतेकांची गल्लत होते. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला पुढच्या महिन्याचं व्हिसा बुलेटिन काढतं. त्यात कुटुंबाच्या वर्गांचे दोन तक्ते असतात. 'फायनल ॲक्शन डेट्स'च्या तक्त्यात एफ-४ ची, म्हणजे अमेरिकन सिटिझनच्या भाऊ-बहिणींच्या वर्गाची ओळ आणि भारताचा रकाना बघायचा. तिथली तारीख तुमच्या ५ फेब्रुवारी २००७ च्या पुढे गेली की त्या महिन्याची १ तारीख ही वय मोजायची तारीख. दुसरा तक्ता 'डेट्स फॉर फायलिंग'चा. तो बराच पुढे असतो आणि तो बघून लोक पेढे वाटतात. मुंबईच्या कॉन्सुलेटमधून व्हिसा घेणाऱ्याचं वय त्या तक्त्यावर ठरत नाही. अमेरिकेत राहून अर्ज करणाऱ्यांना १४ फेब्रुवारी २०२३ पासून त्याचा फायदा मिळत होता, तोही १५ ऑगस्ट २०२५ पासून थांबला. तिथल्या भाच्यांनी-पुतण्यांनी फोनवर दिलेल्या सल्ल्यात हा फरक हमखास गाळला जातो.

म्हणजे मुलाच्या बाबतीत १ सप्टेंबर २०२६ ही शेवटची संधी. १ ऑक्टोबरला तो बाहेर. सप्टेंबर हा अमेरिकी सरकारच्या वर्षाचा शेवटचा महिना. कोटा संपत आलेला असतो, त्यामुळे तारीख जागची हलत नाही, कधी मागेसुद्धा जाते. २०२५ मध्ये भारताची एफ-४ ची तारीख २००६ सालातच घुटमळत होती. एफ-४ ला साऱ्या जगासाठी वर्षाला ६५,००० व्हिसा, कुटुंबाच्या आणि नोकरीच्या वर्गांत मिळून कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा, आणि भाऊ-बहिणीमागे येणारी बायका-मुलंही त्याच आकड्यात मोजली जातात. तेव्हा मुलीची आशा भक्कम आहे, मुलाची काठावरची. त्याला पुण्यातली नोकरी सोडायला लावू नका.

नंबर लागल्यावर एक वर्षाच्या आत मुलाने स्वतः व्हिसा 'मागितला' पाहिजे. आई-वडिलांचा अर्ज गेला म्हणजे मुलाचाही गेला असं नाही. मुलाच्या नावाची ३२५ डॉलरची फी भरणं आणि त्याचा वेगळा डीएस-२६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) सबमिट करणं, हे पुराव्यासकट झालं पाहिजे. कायदा वर्ष देतो, तुम्ही पहिल्याच महिन्यात उरका. मुलाने मागणी करण्याआधी तारीख मागे सरकली तर पुढच्या वेळी नंबर लागेल तेव्हाच्या वयावर पुन्हा हिशेब होतो. मागणी झालेली असेल तर वय तिथेच गोठतं.

आणखी एक अडचण येईल. मुंबईच्या केसचा नंबर बीएमबी या अक्षरांनी सुरू होतो. तो टाकून नॅशनल व्हिसा सेंटरच्या (मुलाखतीआधी फी आणि कागद गोळा करणारं अमेरिकी सरकारी कार्यालय) पोर्टलवर शिरलात की कधी कधी एकविशी ओलांडलेल्या मुलाचं नावच दिसत नाही. यंत्र जन्मतारीख बघतं, वजाबाकी करत नाही. घाबरू नका. सेंटरच्या चौकशी फॉर्मवरून मुलाचं नाव, जन्मतारीख, दोन्ही तारखांची नोटीस आणि वरचा हिशेब पाठवा, आणि नाव जोडायला सांगा. अंतिम निर्णय मुलाखतीच्या खिडकीवरचा अधिकारी देतो, सेंटर नव्हे.

ताईने केसमध्ये २००७ चा ईमेल किंवा जुना पत्ता दिलेला असेल तर आजच बदलून घ्या. सेंटरची नोटीस निघाल्यावर वर्षभर कुणीच उत्तर दिलं नाही, तर अख्खी केस बंद होऊ शकते.

प्रश्न : आमची मुलगी तेवीस वर्षांची आहे. मामाने भरलेल्या पिटिशनमध्ये तिचं नाव आहे. चांगलं स्थळ आलंय, मुलाकडचे थांबायला तयार नाहीत. साखरपुडा करून ठेवला तर चालेल का? किंवा घरच्या घरी लग्न लावून नोंदणी नंतर केली तर? (जुळे सोलापूर)

उत्तर : साखरपुडा चालेल. लग्न नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ प्रमाणे सप्तपदीत सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण होतं. नोंदणी हा फक्त त्याचा पुरावा. त्यामुळे 'रजिस्टर केलं नाही म्हणजे झालं नाही' हा युक्तिवाद आपल्याच कायद्यापुढे टिकत नाही. मुलाखतीत शपथेवर 'अविवाहित' सांगितलं आणि पुढे कधी लग्नाचा अल्बम निघाला, तर खोटं बोलून व्हिसा घेतल्याबद्दल अमेरिकेत कायमची प्रवेशबंदी होऊ शकते. मग नवऱ्याच्या मार्गानेही जाता येत नाही.

व्हिसा पासपोर्टवर चिकटला म्हणजे सुटलो, असंही समजू नका. अमेरिकेच्या विमानतळावर उतरून आत प्रवेश मिळेपर्यंत ती अविवाहितच असायला हवी. त्यानंतर सोलापूरला येऊन लग्न करता येईल. मात्र नवऱ्याला न्यायला ती स्वतः पिटिशन भरेल, एफ-२-ए वर्गात (ग्रीन कार्डधारकाचा जोडीदार आणि एकवीसच्या आतली अविवाहित मुलं), आणि तिथेही रांग आहे. मुलाकडच्यांना हे आधीच सांगा. वरात दारात येऊन उभी राहिल्यावर नको.

प्रश्न : माझे मिस्टर डॅलसमध्ये ग्रीन कार्डवर आहेत. त्यांनी माझ्यासाठी पिटिशन भरली, तिच्यात आमच्या १९ वर्षांच्या मुलाचं नाव आहे. आता ते सिटिझनशिप घेणार आहेत. मग आमचं लवकर होईल ना? (अक्कलकोट रस्ता)

उत्तर : तुमचं लवकर होईल, मुलाचं अडकेल. या अंकातलं हे सगळ्यांत घाईचं पत्र आहे.

मिस्टर सिटिझन झाले की तुम्ही एफ-२-ए च्या रांगेतून निघून 'इमिजिएट रिलेटिव्ह', म्हणजे सिटिझनच्या अगदी जवळच्या नातलगांच्या वर्गात जाता, जिथे रांगच नाही. पण त्या वर्गात बायकोच्या पिटिशनला मुलाचं नाव जोडलेलं चालत नाही. ज्या दिवशी त्यांची शपथ होईल, त्या दिवशी मुलाचं नाव तुमच्या पिटिशनवरून निकामी होतं. उपाय सोपा आहे : मुलासाठी वेगळी आय-१३०, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नावाची पिटिशन. फी ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदावर भरली तर ६७५. शपथेची वाट न बघता आताच भरून टाका. मुलगा एकवीसच्या आत असताना मिस्टरांची शपथ झाली, तर त्याचं वय शपथेच्या दिवशी गोठतं, मग मुलाखत दोन वर्षांनी झाली तरी तो 'मूल'च राहतो. हे सारं मुलाचं लग्न झालेलं नसेल तरच. शपथ एकविशीनंतर होणार असेल तर प्रकरण वेगळ्या गणितात जातं, तिथे वकिलाला एकदा कागद दाखवाच.

प्रश्न : एक एजंट 'वय फ्रीज करून देतो' म्हणून मुलामागे ६० हजार रुपये मागतोय. द्यावेत का? (बार्शी)

उत्तर : नाही. वय कायद्याने गोठतं, पैशाने नाही. अशी कुठली फी अस्तित्वातच नाही. नॅशनल व्हिसा सेंटरच्या दोनच फी असतात : माणशी ३२५ डॉलर, आणि आर्थिक हमीच्या कागदांसाठी एका केसला १२० डॉलर. दोन्ही अमेरिकेतल्या बँक खात्यातूनच भरल्या जातात, त्यामुळे त्या बहुधा तिथला नातेवाईकच भरतो. रुपयांत रोख मागणारा माणूस त्या पोर्टलवर काय भरणार, हे त्यालाच विचारा.

प्रश्न : आत्याने भरलेल्या पिटिशनवर माझ्या आई-वडिलांचा नंबर लागला, पण हिशेबाने मी चार महिन्यांनी बाहेर गेलो. आई-वडील पुढे गेले तर माझी जुनी तारीख मला मिळेल का? एम.एस.साठी स्टुडंट व्हिसा मागू का? माझ्या जन्मदाखल्यावर नावच नाही, तेही विचारायचं होतं. (पंढरपूर)

उत्तर : जुनी तारीख मिळणार नाही. हा वाद अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. २०१४ मध्ये कोर्टाने ५ विरुद्ध ४ अशा निकालात एफ-३ (सिटिझनच्या विवाहित मुलांचा वर्ग) आणि एफ-४ मधून बाहेर पडलेल्या मुलांना जुन्या तारखेचा हक्क नाकारला. तो हक्क ग्रीन कार्डधारकाने थेट बायको-मुलांसाठी भरलेल्या पिटिशनपुरता राहिला.

आई-वडिलांना ग्रीन कार्ड मिळालं की त्यांच्यापैकी एकाने तुमच्यासाठी एफ-२-बी (ग्रीन कार्डधारकाच्या एकविशी ओलांडलेल्या अविवाहित मुलांच्या वर्गातली पिटिशन) भरावी. तारीख त्या दिवसापासूनची, रांग आजच्या चालीने आठ-नऊ वर्षांची. दोन अटी जाचक आहेत. तुम्ही लग्न केलंत तर ती पिटिशन तिथेच संपते, कारण ग्रीन कार्डधारकाच्या विवाहित मुलाला वर्गच नाही. आई किंवा वडील आधी सिटिझन झाले आणि लग्न त्यानंतर झालं, तरच ती एफ-३ मध्ये जिवंत राहते. दुसरं, आई-वडिलांनी खरोखर तिकडे राहायला हवं. कार्ड घेऊन परत पंढरपूरला मुक्काम ठोकला तर कार्डच धोक्यात येतं आणि त्याबरोबर तुमची पिटिशनही. रीएंट्री परमिट (परत प्रवेशाची आगाऊ परवानगी) काढलं तर जास्तीत जास्त दोन वर्षं बाहेर काढता येतात.

स्टुडंट व्हिसा मागायला बंदी नाही. त्याच्या डीएस-१६० या अर्जात तुमच्यासाठी कधी इमिग्रंट पिटिशन भरली गेली का, असा प्रश्न असतो. आत्याची पिटिशन वडिलांच्या नावाची होती. तुमच्या स्वतःच्या नावाची एफ-२-बी एकदा भरली की मात्र उत्तर 'हो' द्यावंच लागतं, आणि परत येण्याचा इरादा पटवणं जड जातं. त्यामुळे एम.एस. करायचंच असेल तर हा व्हिसा आधी मागा, एफ-२-बी नंतर. वर्ष-सहा महिने गेले तरी आठ-नऊ वर्षांच्या रांगेत ते खपून जातात.

जन्मदाखल्याचं काम तोवर उरका. जिथे जन्माची नोंद झाली त्या नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात शाळा सोडल्याचा दाखला आणि आई-वडिलांची ओळखपत्रं घेऊन नाव चढवता येईल का ते विचारून तसा अर्ज द्या. नोंदच सापडत नसेल तर तसं अनुपलब्धतेचं प्रमाणपत्र घ्या आणि सोबत जवळच्या वडीलधाऱ्यांचं प्रतिज्ञापत्र जोडा. आईचं नाव सगळीकडे एकसारखं आहे का तेवढं नीट बघा. दाखल्यावर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं आणि शाळेच्या कागदावर नुसतंच 'सौ. काकू', असे कागद आमच्याकडे दर महिन्याला येतात.