पहिल्या दोन वर्षांचा जीपीए घसरलेला असताना अमेरिकेत मेडिकल स्कूलला अर्ज कधी आणि कसा करावा?

तुमची स्थिती थोडक्यात अशी: अमेरिकेत कॉलेजचं तिसरं वर्ष संपत आलंय. पहिल्या वर्षी जीपीए (४ पैकी ग्रेडची सरासरी) २.७, दुसऱ्या वर्षी २.९, तिसऱ्या वर्षी ३.६. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी मायनस. ग्रीन कार्ड आहे, एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा अजून दिलेली नाही. येत्या जूनमध्येच अर्ज भरावा का?

नाही. पुढच्या जूनमध्येही नको, त्याच्या पुढच्या जूनमध्ये भरा. दोन वर्षं ऐकायला फार वाटतात, म्हणून आधी हिशेब मांडतो.

दरवर्षी ३० क्रेडिट धरले तर आज तुमचे ९० क्रेडिट आणि एकूण जीपीए ३.०७. चौथ्या वर्षी ३.९ मिळवलात तर १२० क्रेडिटवर ३.२८. त्यानंतर एक वर्ष पोस्ट-बॅक करून (म्हणजे पदवीनंतर अंडरग्रॅड पातळीचेच आणखी विषय घेऊन) २४ क्रेडिटला सरळ ४.० मिळवलात तर १४४ क्रेडिटवर ३.४०. म्हणजे दोन वर्षं जीव तोडून अभ्यास केला तरी आकडा जेमतेम एक-तृतीयांश गुणाने वर सरकतो. एमडीला (अमेरिकेतली डॉक्टरकीची पहिलीच पदवी) प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ३.७ च्या वर असते, तिथे तुम्ही पोचणार नाही. मग थांबायचं कशासाठी? कारण ॲमकास या एमडी स्कूलांच्या सामाईक अर्जसेवेच्या अर्जात प्रवेश समितीला एकच आकडा दिसत नाही. पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं, चौथं, पोस्ट-बॅक अशा वेगवेगळ्या ओळी असतात आणि प्रत्येक ओळीत विज्ञान-गणिताचा जीपीए वेगळा, बाकी विषयांचा वेगळा. आज भरलात तर दोन पडकी वर्षं आणि एक बरं वर्ष दिसेल. दोन वर्षांनी भरलात तर २.७, २.९, ३.६, ३.९, ४.० असा सलग चढ दिसेल. त्यात शेवटचे ५० हून अधिक क्रेडिट जवळजवळ निर्दोष. घसरलेल्या रेकॉर्डला याहून मोठा आधार नाही. एका चांगल्या वर्षाला समिती योगायोग म्हणू शकते, तीन वर्षांना नाही.

आता सी मायनसचं. अनेकांना वाटतं, विषय पुन्हा घेतला की जुना ग्रेड पुसला जातो. तुमचं कॉलेज पुसत असेलही, ॲमकास पुसत नाही; दोन्ही ग्रेड मोजतं. सी मायनसचे १.७ आणि नव्या ए चे ४.० मिळून त्या विषयाची सरासरी २.८५ होते. डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक डॉक्टरची पदवी देणाऱ्या स्कूलांच्या अर्जसेवेत पूर्वी नवा ग्रेडच धरला जायचा, ती सोय २०१७ मध्ये बंद झाली. जुन्या सल्ल्यांत ती अजून सापडते, तिच्यावर विसंबू नका. तरीही हा विषय तुम्हाला पुन्हा घ्यावाच लागेल, कारण बहुतेक स्कूलना पूर्वअटीच्या विषयात किमान सी लागतो. सी किंवा सी प्लस असता तर मी तो तसाच सोडून थेट बायोकेमिस्ट्री घ्यायला सांगितलं असतं. त्याच्या वरच्या विषयातला ए जुन्या विषयाची शंकाही फेडतो आणि नवे क्रेडिटही देतो.

पोस्ट-बॅकमध्ये विषय जड हवेत: बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, सेल बायॉलॉजी, जेनेटिक्स, इम्युनॉलॉजी. एका सत्रात किमान १२ क्रेडिट, त्यात तीन विषय विज्ञानाचे. नोकरी सांभाळत दर सत्राला एकच विषय घेऊन ए मिळवला तर ग्रेड चांगला दिसतो, पण मेडिकलचा भार पेलेल का, हा समितीचा खरा प्रश्न तसाच राहतो. उलट १८ क्रेडिट, लॅबमधलं काम आणि एमकॅट एकत्र ओढायला गेलात तर एखादा बी मायनस येतो आणि चढ तिथेच तुटतो. तुमच्यासारख्या रेकॉर्डमध्ये तो एक बी मायनस इतरांपेक्षा महाग पडतो.

म्हणून नावनोंदणीच्या आधी एक काम करा. ग्रेड घसरलेल्या प्रत्येक विषयासमोर कारण लिहा: क्रेडिट जास्त झाले, आजारपण, नोकरीचे तास, की वाचायचात पण प्रश्न सोडवत नव्हतात? हे शेवटचं कारण विज्ञान विषयांत सर्रास असतं आणि नुसते तास वाढवून जात नाही. पहिल्या मिडटर्मला गाडी घसरली तर त्याच आठवड्यात प्राध्यापकांना भेटा आणि विषय सोडायची शेवटची तारीख लिहून ठेवा. एखादा डब्ल्यू (विषय सोडल्याची नोंद) जीपीएत धरला जात नाही आणि खपून जातो. डब्ल्यूंची रांग खपत नाही.

एक वर्षाची खास मास्टर्स, म्हणजे एसएमपी, तुम्हाला आज लागेल असं मला वाटत नाही. तिचे ग्रेड पदव्युत्तर म्हणून वेगळ्या ओळीत जातात, अंडरग्रॅड जीपीए तसूभरही हलत नाही. क्रेडिट इतके साठलेत की आकडा हलणारच नाही, आणि तो तीनच्या आसपास अडकलाय, अशांसाठी ती शेवटची वाट आहे. काही ठिकाणी तिथले विद्यार्थी मेडिकलच्या पहिल्या वर्षाचेच पेपर देतात. तिथे ३.३ आला तर बहुतेक दारं मिटतात, म्हणून एमकॅट हातात आल्याशिवाय आणि अभ्यासाची घडी बसल्याशिवाय तिकडे जाऊ नये.

एमकॅट ४७२ ते ५२८ मध्ये मोजतात, चार विभागांना प्रत्येकी ११८ ते १३२. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५११-५१२ च्या आसपास असते. तुमचा जीपीए खाली असल्यामुळे तुमचं लक्ष्य त्या सरासरीच्या वर हवं आणि कोणताही विभाग १२५ च्या खाली नको. परीक्षा वर्षात तीनदा, दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदाच देता येते; दिवस संपताना रद्द केलेली परीक्षाही यात मोजली जाते. आधीचे गुणही स्कूलांना दिसतात, म्हणून ‘बघू तरी काय येतं’ म्हणून बसू नका. एएएमसीचे, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे अधिकृत पूर्ण सराव-पेपर वेळ लावून सोडवा. शेवटच्या तीन पेपरांची सरासरी लक्ष्याला पोचली तरच केंद्रावर जा, नाहीतर तारीख पुढे ढकला. अभ्यासाला उन्हाळा ठेवा, जड सत्र नको. निकालाला साधारण महिना लागतो, म्हणून अर्जाच्या वर्षी एप्रिलपर्यंत परीक्षा उरकलेली असावी.

कमी ग्रेडचं स्पष्टीकरण अर्जातल्या ५,३०० अक्षरांच्या वैयक्तिक निवेदनात दोन-तीन वाक्यांहून जास्त नको. काय झालं, काय बदललं, पुरावा कुठे दिसतो, एवढंच. प्राध्यापक कडक होते, हे कधीच लिहू नका. घरासाठी आठवड्याला २५ तास काम करत असाल तर ते अर्जातल्या कामांच्या यादीत तासांसह नोंदवा. तिथे १५ नोंदी करता येतात आणि समिती त्या ग्रेडशेजारी ठेवून वाचते. शिफारसपत्रं अलीकडच्या कठीण विषयांच्या प्राध्यापकांकडून घ्या. पहिल्या वर्षी ओळखणाऱ्या प्राध्यापकांना तुमच्यातला बदल माहीतच नसतो.

स्कूलांची यादी करताना एमएसएआरमध्ये (प्रत्येक स्कूलचे प्रवेशाचे आकडे देणारी एएएमसीची यादी) मध्यांक पाहून खचू नका, दहाव्या शतमानाचा आकडा पाहा, म्हणजे ज्याच्या खाली दहा टक्केच विद्यार्थी असतात तो. तुमचा जीपीए त्याच्याही खाली असेल तर ते नाव खोडा. अपवाद तुमच्या राज्याच्या सरकारी स्कूलांचा, कारण तिथे राज्यातल्या विद्यार्थ्यांना प्राधान्य असतं. डीओ स्कूल पहिल्याच यादीत घ्या, ‘नाही जमलं तर’ म्हणून मागे ठेवू नका. २०२० पासून एमडी आणि डीओ दोघांच्या रेसिडेन्सीची (पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाची) मान्यता एकाच संस्थेकडे आहे.

शेवटचं काम आत्ताच करा. शिकलात त्या प्रत्येक कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट स्वतःसाठी मागवा. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात घेतलेले विषयही त्यात आले, ते जीपीएत धरले जातात आणि अनेकजण विसरतात. अर्जात प्रत्येक विषय, क्रेडिट आणि ग्रेड ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवूनच भरा. नोंदी जुळल्या नाहीत तर अर्ज परत येतो आणि जूनच्या सुरुवातीला भरलेला अर्ज तपासून व्हायला ऑगस्ट उजाडतो. तोवर मुलाखतीच्या बऱ्याच जागा वाटल्या जायला लागलेल्या असतात.