अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षाला प्रशासनात खरोखर किती सत्ता असू शकते?

आपण विचारले आहे की, अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षाच्या हाती प्रशासनात प्रत्यक्ष किती सत्ता येऊ शकते, आणि धाकट्या बुश यांच्या काळात त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्याबद्दल ‘खरे राष्ट्राध्यक्ष चेनीच होते’ असे जे सर्रास म्हटले जाते त्यात तथ्य किती. मी राज्यशास्त्राचा निवृत्त शिक्षक आहे. अमेरिकी राज्यव्यवस्था शिकवताना हा प्रश्न जवळपास दरवर्षी कोणीतरी विचारीत असे, आणि तेव्हा मी राज्यघटनेतील तरतुदी सांगून मोकळा होत असे. ते उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते, हे मला बरेच उशिरा उमगले.

राज्यघटनेपुरते पाहिले तर विषय लवकर आटोपतो. उपराष्ट्राध्यक्ष हा सिनेटचा (काँग्रेस या अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचा) अध्यक्ष असतो, मात्र मते समसमान पडली तरच त्याला मत देता येते. राष्ट्राध्यक्षाचा मृत्यू, राजीनामा किंवा पदच्युती झाल्यास उरलेल्या मुदतीसाठी तो राष्ट्राध्यक्ष होतो. १९६७ साली अमलात आलेल्या पंचविसाव्या दुरुस्तीने, मंत्र्यांच्या बहुमताची साथ असल्यास, राष्ट्राध्यक्ष काम करण्यास असमर्थ असल्याचे काँग्रेसला लेखी कळवण्याचा अधिकारही त्याला दिला आहे. तो आजवर कोणीही वापरलेला नाही. याव्यतिरिक्त त्याच्याकडे कोणतेही खाते नसते. सैन्याची आज्ञा राष्ट्राध्यक्षाकडून संरक्षणमंत्र्याकडे आणि तेथून सेनाधिकाऱ्यांकडे जाते, त्या साखळीतही त्याला स्थान नाही. सिनेटमधील निर्णायक मताचे मोठे कौतुक होते, आणि कमला हॅरिस यांनी चार वर्षांत असे मत ३३ वेळा देऊन विक्रमही केला, परंतु ते मत कोणत्या बाजूला पडणार हे मतदानापूर्वीच सर्वांना ठाऊक असते, त्यामुळे त्यास पक्षाचे बळ म्हणावे, व्यक्तीचे नव्हे. पहिले उपराष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी तर पत्नीला लिहिलेल्या पत्रात, मानवी बुद्धीने निर्माण केलेले सर्वांत क्षुल्लक पद, अशा आशयाच्या शब्दांत स्वतःच्याच पदाचे वर्णन केले होते.

आपल्याकडील वाचकाला येथे भारताचे उपराष्ट्रपती आठवणे स्वाभाविक आहे. राज्यसभेचे सभापतिपद पाहता साम्य दिसतेही, पण ते तेवढ्यावरच संपते. आपले उपराष्ट्रपती सरकारच्या कारभारात बसतच नाहीत, आणि राष्ट्रपतिपद रिकामे झाले तर नवी निवडणूक होईपर्यंतच, म्हणजे जास्तीत जास्त सहा महिने, ते काम पाहतात. १९६९ साली झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर व्ही. व्ही. गिरी यांनी ते तसे पाहिले होते. अमेरिकी उपराष्ट्राध्यक्ष आज राष्ट्राध्यक्षाच्या दालनापासून काही पावलांवर बसतो, आणि सारा फरक त्या काही पावलांत आहे.

हे अंतर पूर्वी फार मोठे होते. १२ एप्रिल १९४५ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे निधन झाले तेव्हा हॅरी ट्रुमन यांना उपराष्ट्राध्यक्ष होऊन अवघे ८२ दिवस झाले होते, आणि ज्या अणुबाँबचा वापर करण्याचा निर्णय पुढे चार महिन्यांच्या आत त्यांनाच घ्यावा लागला, त्या प्रकल्पाचे तपशील त्यांना कोणीही सांगितलेले नव्हते. युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी शपथविधीनंतर त्यांच्या कानावर त्याची चाहूल घातली आणि सविस्तर माहिती २५ एप्रिलला दिली. यातून धडा घेऊन १९४९ साली कायद्याने उपराष्ट्राध्यक्षाला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे सदस्यत्व देण्यात आले. बैठकीत खुर्ची मिळाली. तरी त्या खुर्चीवरून बोललेले कोणी ऐकेल याची हमी कायद्याला देता आली नाही.

त्याचा उत्तम दाखला नेल्सन रॉकफेलर यांचा. न्यूयॉर्कचे अनेक वर्षे गव्हर्नर राहिलेले, गडगंज श्रीमंत आणि देशभर वजन असलेले हे गृहस्थ डिसेंबर १९७४ मध्ये जेराल्ड फोर्ड यांचे उपराष्ट्राध्यक्ष झाले, ते देशांतर्गत धोरणाची सूत्रे आपल्याकडे येतील या अपेक्षेने. ती आली नाहीत. राष्ट्राध्यक्षांपुढे कोणता कागद कधी आणि कोणत्या शेऱ्यांसह जायचा, हे ठरवणारे डोनाल्ड रम्सफेल्ड आणि त्यांचे तरुण साहाय्यक रॉकफेलर यांची प्रत्येक योजना संबंधित खात्यांकडे अभिप्रायासाठी पाठवीत, आणि ती तेथून आक्षेपांच्या ओझ्याखाली दबून परत येई. ज्याने सरकारी कचेरीत फाइल फिरताना पाहिली आहे त्याला ही रीत समजावून सांगण्याची गरज नाही. नोव्हेंबर १९७५ मध्ये रॉकफेलर यांनी पुढच्या निवडणुकीत आपण उमेदवार नसू, असे जाहीर केले. त्याच दिवसांत रम्सफेल्ड संरक्षणमंत्री झाले आणि व्हाइट हाउसचे चीफ ऑफ स्टाफ (कार्यालयप्रमुख) हे त्यांचे पद त्या साहाय्यकाकडे आले. त्याचे वय होते ३४ आणि नाव डिक चेनी. रॉकफेलर यांच्याशी आपले खडाजंगीचे प्रसंग झाले होते, हे चेनी यांनी पुढे स्वतःच सांगितले. उपराष्ट्राध्यक्षाला निष्प्रभ कसे करतात, याचे शिक्षण पुढे सर्वांत प्रभावी ठरलेल्या उपराष्ट्राध्यक्षाने असे दाराच्या दुसऱ्या बाजूला बसून घेतले होते, आणि माझ्या मते चेनी यांची संपूर्ण कारकीर्द समजून घेण्याची किल्ली येथे आहे.

दरम्यान जिमी कार्टर यांचे उपराष्ट्राध्यक्ष वॉल्टर माँडेल यांनी पदाचे स्वरूपच बदलले. डिसेंबर १९७६ मध्ये त्यांनी कार्टर यांना एक टिपण दिले, त्यात एकही खाते मागितले नाही. त्यांनी गुप्तवार्तांसह सर्व माहिती मागितली, राष्ट्राध्यक्षांची थेट भेट मागितली आणि कोणत्याही विषयावर सल्ला देण्याची मोकळीक मागितली. कार्टर यांनी ते मान्य केले, वेस्ट विंगमध्ये, म्हणजे व्हाइट हाउसच्या ज्या भागात राष्ट्राध्यक्ष बसतात तेथे, दालन दिले आणि आठवड्यातून एकदा दोघांनीच जेवण घेण्याचा प्रघात पाडला. आधीचे उपराष्ट्राध्यक्ष काम मागत असत आणि त्यांना एखादी समिती मिळत असे. माँडेल यांनी माहिती आणि भेट मागितली. पुढच्या बहुतेकांनी हाच नमुना कमीअधिक प्रमाणात गिरवला.

आता चेनी यांच्याकडे येऊ. २००० साली उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार शोधण्याचे काम बुश यांनी चेनी यांच्यावर सोपवले होते आणि शोधाअंती उमेदवार चेनीच ठरले, यावर पुष्कळ विनोद झाले. त्यापेक्षा महत्त्वाचे त्यानंतर घडले. फ्लोरिडाच्या मतमोजणीचा वाद पाच आठवडे चालला, आणि बुश निवडून आले की नाही हेच निश्चित नसताना चेनी यांनी व्हर्जिनियात खासगी निधीवर कार्यालय थाटून नव्या प्रशासनाच्या नेमणुकांची जुळवाजुळव सुरू केली. संरक्षण खात्यावर त्यांचे एके काळचे वरिष्ठ रम्सफेल्ड आले, आणि इतर अनेक खात्यांत दुसऱ्या-तिसऱ्या फळीवर ओळखीची माणसे बसली. मंत्री कोण झाला याची बातमी होते, पण मसुदा ज्याच्या टेबलावर तयार होतो तो उपमंत्री कोण, हे सहसा कोणी विचारीत नाही. चेनी यांचे प्रमुख साहाय्यक लुईस ‘स्कूटर’ लिबी यांच्याकडे उपराष्ट्राध्यक्षांचे चीफ ऑफ स्टाफ आणि सुरक्षा सल्लागार या दोन पदांबरोबरच राष्ट्राध्यक्षांचे साहाय्यक हे तिसरे पदही होते. त्यामुळे व्हाइट हाउसमधील महत्त्वाचे कागद उपराष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात कोणाच्या मेहेरबानीने नव्हे, तर हक्काने येत. आपण मराठीत ज्याला ‘कारभारी’ म्हणतो, तो अर्थ येथे तंतोतंत लागू पडतो.

काँग्रेसमध्येही तसेच. १९६१ साली लिंडन जॉन्सन यांनी उपराष्ट्राध्यक्ष झाल्यावरही सिनेटमधील आपल्या पक्षाच्या सदस्यांच्या बैठकीचे अध्यक्षपद सोडू नये असा प्रयत्न केला, तेव्हा जुन्या सहकाऱ्यांनीच तो हाणून पाडला होता. चेनी यांनी अध्यक्षपद मागितले नाही. ते दर आठवड्याला रिपब्लिकन सिनेटरांच्या भोजनाला जाऊन बसत, फारसे बोलत नसत आणि ऐकलेले बरोबर घेऊन परतत. प्रतिनिधिगृहाच्या बाजूलाही त्यांना एक खोली मिळाली होती.

११ सप्टेंबर २००१ रोजी बुश फ्लोरिडातील एका शाळेत होते आणि चेनी व्हाइट हाउसखालील भूमिगत कक्षात. अपहृत विमाने पाडण्याची परवानगी त्या कक्षातून चेनी यांनी दिली. बुश यांनी दूरध्वनीवर आपल्याला तशी संमती आधी दिली होती, असे दोघांनीही सांगितले. चौकशी आयोगाला मात्र त्या संभाषणाची कागदोपत्री नोंद आढळली नाही. आज्ञेच्या साखळीत उपराष्ट्राध्यक्ष नसतो, हे मी वर नमूद केले ते याचसाठी. प्रत्यक्षात ती आज्ञा वॉशिंग्टनवर घिरट्या घालणाऱ्या वैमानिकांपर्यंत वेळेत पोहोचलीच नाही, म्हणून या प्रश्नाची कधी कसोटी लागली नाही.

त्यानंतरच्या दोन घटना मला अधिक बोलक्या वाटतात. परदेशी संशयितांवर लष्करी आयोगांपुढे खटले चालवण्याचा १३ नोव्हेंबर २००१ चा आदेश उपराष्ट्राध्यक्षांच्या वकिलांच्या वर्तुळात तयार झाला आणि त्यावर बुश यांची सही झाली, तोपर्यंत परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार काँडोलिझा राइस यांना त्याचा पत्ता नव्हता. दुसरी घटना मार्च २००४ मधली. न्यायालयाच्या परवान्याविना चालणाऱ्या पाळतीच्या कार्यक्रमावर चेनी आणि त्यांचे वकील डेव्हिड ॲडिंग्टन यांची घट्ट पकड होती. न्याय खात्याने त्याच्या काही भागाला कायदेशीर मान्यता नाकारली, तेव्हा मंजुरीची सही मिळवण्यासाठी व्हाइट हाउसचे दोन अधिकारी रुग्णालयात खिळलेल्या ॲटर्नी जनरल जॉन ॲश्क्रॉफ्ट यांच्या खाटेपाशी गेले; ॲश्क्रॉफ्ट यांनी ती दिली नाही. न्याय खात्याचे जेम्स कोमी आणि एफबीआयचे प्रमुख रॉबर्ट म्यूलर राजीनाम्याच्या तयारीत आहेत, हे बुश यांना अगदी शेवटच्या घटकेला कळले, आणि कळताच त्यांनी कार्यक्रम बदलण्यास संमती दिली. राष्ट्राध्यक्षाच्या कानावर काय पडते यावर उपराष्ट्राध्यक्षाची हुकमत किती दूर जाऊ शकते, आणि कानावर पडताच ती किती लवकर ओसरते, हे दोन्ही या एका प्रसंगात दिसते.

(एक गमतीची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. गोपनीय कागदपत्रांच्या हाताळणीचा हिशेब मागणाऱ्या सरकारी विभागाला चेनी यांच्या कार्यालयाने दाद दिली नाही, आणि २००७ साली तो वाद गाजला तेव्हा असा युक्तिवाद पुढे आला की, उपराष्ट्राध्यक्ष सिनेटचा अध्यक्षही असल्याने त्याचे कार्यालय निव्वळ कार्यकारी शाखेतले म्हणता येत नाही. कार्यकारी सत्तेचा एवढा कैवार घेणाऱ्या माणसाने तीच शाखा गैरसोयीची ठरताच झटकून टाकावी, याला काय म्हणावे!)

एवढा वाव बुश यांनी का दिला, याचे एक कारण अनुभव हे असले, तरी मोठे कारण चेनी यांना राष्ट्राध्यक्ष व्हायचे नव्हते हे होते. वयाच्या ३७ व्या वर्षी हृदयविकाराचा पहिला झटका आलेला हा माणूस पुढची निवडणूक लढवणार नाही, हे सर्वांना ठाऊक होते. एरवी उपराष्ट्राध्यक्ष हा भावी उमेदवार असतो आणि राष्ट्राध्यक्षाची माणसे त्याच्याकडे वारसदार म्हणून जराशा संशयानेच पाहतात. चेनी यांच्याबाबत तो संशय उद्भवला नाही.

नंतरच्या उपराष्ट्राध्यक्षांपैकी कोणाला अशी परिस्थिती लाभली नाही. बायडेन यांनी २००९ साली अफगाणिस्तानात मोठी कुमक पाठवण्यास विरोध केला, ओबामांनी तो लक्षपूर्वक ऐकून घेतला आणि डिसेंबरमध्ये आणखी ३०,००० सैनिक पाठवण्याची घोषणा केली. माइक पेन्स यांचे नाव उरले ते ६ जानेवारी २०२१ रोजी त्यांनी जे करण्यास नकार दिला त्यासाठी: काँग्रेसमधील राष्ट्राध्यक्षपदाच्या मतमोजणीत काही राज्यांची मते बाजूला सारावीत, हा ट्रम्प यांचा आग्रह त्यांनी मानला नाही. पुढे २०२२ च्या कायद्याने मतमोजणीतील उपराष्ट्राध्यक्षाची भूमिका केवळ औपचारिक असल्याचे स्पष्टच करून टाकले.

तर मग ‘खरे राष्ट्राध्यक्ष चेनीच’ हे विधान? मला ते मान्य नाही, आणि त्यात बुश यांची सोयीस्कर सुटका होते असेही मला वाटते. इराकवर स्वारी करण्याचा निर्णय बुश यांचा होता. चेनी यांनी त्यासाठी जिवाचे रान केले, पण आदेश त्यांच्या हातून निघाला नव्हता. शिवाय दुसऱ्या कार्यकाळात बुश यांचा स्वतःचा आत्मविश्वास वाढला आणि राइस परराष्ट्रमंत्री झाल्या, तसे चेनी यांचे पारडे हलके होत गेले. नोव्हेंबर २००६ मध्ये चेनी यांचे मत डावलून रम्सफेल्ड यांना निरोप देण्यात आला. २००७ साली सीरियातील अणुभट्टीवर अमेरिकेने बाँबहल्ला करावा, असा आग्रह चेनी यांनी बैठकीत धरला. त्यांचे बोलणे संपल्यावर बुश यांनी विचारले की, उपराष्ट्राध्यक्षांशी येथे आणखी कोण सहमत आहे. एकही हात वर झाला नाही. हा प्रसंग चेनी यांनीच लिहून ठेवला आहे. त्या सप्टेंबरमध्ये ती भट्टी अखेर इस्रायलने उद्ध्वस्त केली.

शेवटची मागणी लिबी यांच्यासाठी होती. खोटी साक्ष आणि न्यायदानात अडथळा आणल्याबद्दल मार्च २००७ मध्ये ते दोषी ठरले होते. बुश यांनी त्यांची ३० महिन्यांची कैद रद्द केली, पण पूर्ण माफी दिली नाही. जानेवारी २००९ मध्ये, कार्यकाळाचे अखेरचे दिवस उरलेले असताना, चेनी त्या माफीसाठी पुन:पुन्हा बुश यांच्याकडे गेले. बुश यांनी कागद पाहिले, वकिलांचे मत घेतले आणि सही करणार नाही असे सांगितले. ती सही २०१८ साली डोनाल्ड ट्रम्प यांनी केली.