पाच फुटांवरून बघ

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पार्लरमध्ये बायका मोबाइलवर नटीचे जुने-नवे दोन फोटो धरतात आणि म्हणतात, "हिनं नाक करून घेतलं ना? मलेबी तसंच करून दे." काय सांगू, असं तू विचारलंस. लग्नसराई तोंडावर आहे, हे आणखी वाढणार. म्हणून आधी फोटो वाचायला शीक.

पार्लरच्या खिडकीपाशी एखादीला बसव. एक फोटो एका फुटावरून काढ, दुसरा पाच फुटांवरून झूम करून. जवळच्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसेल. नाकाचा शेंडा कानांपेक्षा लेन्सच्या बराच जवळ असतो, म्हणून तो फुगतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये हा हिशोब मांडला होता. जुना फोटो जवळून घेतलेला आणि नवा स्टुडिओत लांबून, एवढ्यानंच नाक "बदलतं". त्यात नाकाच्या दोन्ही अंगांना गडद कंटूर (सावलीसारखा मेकअप), वरून दिवा, उतरलेलं वजन, दातांना लावलेल्या तारा. नवरीच्या मेकअपमध्ये यातलं निम्मं तू स्वतः करतेस.

जिनं स्वतः सांगितलं, तिचं तेवढंच सांग. श्रुती हासननं नाकाची शस्त्रक्रिया उघड मान्य केली आहे. प्रियांका चोप्रानं २०२१ मध्ये लिहिलं की, नाकातला पॉलिप, म्हणजे मऊ गाठ, काढताना चूक झाली आणि नाकाचा दांडाच बसला. बाकी कुणाच्या चेहऱ्यावर अंदाज बांधू नकोस. तुझा अंदाज ऐकून बाई तेच करून मागते, आणि तो बहुतेकदा चुकलेला असतो. फुगलेल्या ओठांना लोक बोटॉक्स म्हणतात. बोटॉक्स स्नायू सैल करतं, सुरकुत्यांसाठी असतं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं. ओठ भरतो तो फिलर, म्हणजे सुईनं आत सोडलेली जेल.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. फिलरची सुई हाती घेऊ नकोस. फिलर दाबानं कातडीत घुसवणारं, ऑनलाइन मिळणारं बिनसुईचं पेनही नको, त्याचा दाब तुझ्या ताब्यात नसतो. नाकाच्या दांड्यावर आणि भुवयांमध्ये ज्या रक्तवाहिन्या आहेत, त्यांचा संबंध डोळ्यापर्यंत जातो. फिलर त्यात शिरला तर कातडी पांढरी पडते, मग जाळीसारखी निळसर होते, आणि दृष्टीही जाऊ शकते. तो विरघळवणारं इंजेक्शन तिथंच हाताशी लागतं. तालुक्याहून नागपूर गाठेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

कुणाला खरंच नाक करायचं असेल तर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी घेतलेल्या सर्जनकडे पाठव. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक बघायला सांग. नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, हा विभाग आहे. पट्टी आठवडाभर राहते, काळेनिळेपणा साधारण दोन आठवडे, पण नाकाचा शेवटचा आकार दिसायला वर्ष लागतं. महिन्यावर लग्न असेल तर सरळ नाही म्हण.

गोरेपणाच्या क्रीमबाबत कडक राहा. नाव-गाव नसलेली डबी ठेवू नकोस. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन असं काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो, पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुम आणि लव येते. सोडलं की आग होते, म्हणून बाई पुन्हा तेच लावते. ते त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच सोडवावं लागतं. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींनी अशीच एक क्रीम लावली आणि तिघींच्या किडन्या बिघडल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीम तपासली तेव्हा त्यात पारा निघाला.

म्हणून अशी क्रीम लावणारी कुणी आली, आणि चेहऱ्याबरोबर पायावर सूज किंवा लघवीला फेस आहे असं म्हणाली, तर त्याच दिवशी दवाखान्यात पाठव. डबी फेकू देऊ नकोस, पिशवीत घालून सोबत दे.